सोबत घेऊन चालणे

रेक्याविक, जानेवारी. अकरा वाजता उजाडतं
आणि चारच्या आत कुणी कंदील उचलून नेल्यासारखं विझतं.
केतिलचा शब्दकोश सव्वीस वर्षांत ‘ग’पर्यंत पोचलाय.
माझ्या टेबलावर बुटांच्या खोक्यांत चिठ्ठ्या
आणि या आठवड्याचं क्रियापद : गाउंगा मेद.
शब्दशः, सोबत घेऊन चालणे.

आपल्याकडे माणूस चष्मा घेऊन चालतो,
म्हणजे नुसता घालतो.
टोपी घेऊन चालतो. दुखणं घेऊन चालतो,
म्हणजे अंगावर काढतो.
बाई मूल घेऊन चालते तेव्हा ती गरोदर असते.
आणि म्हणे ज्याच्या त्याच्या पोटात एक पुस्तक असतंच,
ते घेऊन तो चालत राहतो,
बहुतेकदा थेट कबरीपर्यंत.

केतिल म्हणतो, अर्थांना क्रमांक दे.
मी विचारते, पुस्तक मुलावरून आलं
की मूल पुस्तकावरून?
तो पाइप खिडकीच्या चौकटीवर झटकतो.
‘तारखा बघ. जुनं ते आधी.’
स्वतः सव्वीस वर्षं काय घेऊन चालतोय
ते त्याला कुणी विचारत नाही.

रेडिओवरून आवाहन केलंय, तेव्हापासून पत्रं येतात.
दीपगृहाचा राखणदार हाल्वार्दुर लिहितो :
‘चाळीस वर्षं एक कादंबरी घेऊन चालतोय.
हल्ली ती लाथा मारत नाही.
उदाहरण म्हणून वापरा, पण नाव छापू नका.’
उत्तरेकडची कुणी पाद्रीणबाई :
‘आमचे हे चर्चच्या छपराचा बेत घेऊन चालताहेत,
नववं वर्ष लागलं. हत्तीणसुद्धा इतकी थांबत नाही.’

मी हसते, आणि हात आपोआप स्वेटरखाली जातो.
बारावा आठवडा. केतिलला सांगितलेलं नाही.
योरुंदुरलाही नाही. तो बोटीवर आहे,
आणि बोटीवरची तार आधी तारवाला वाचतो,
मग स्वयंपाकी, मग नवरा.
पोटातली गोष्ट अजून पोटातच आहे.

शुक्रवारी आर्नफ्रीदुरचं पत्र आलं.
दूधसंघाच्या पावतीमागे, पेन्सिलीनं.

‘चौपन्न सालच्या हिवाळ्यात मी सात महिने चालले.
मग एकटीच परत आले.
घाटात बर्फ होता, सुईण दोन दिवसांनी पोचली,
तिनं कॉफी घेतली.
गायींना पाणी पाजायचं होतं, ते मी पाजलं.
तुमच्याकडे या क्रियापदाचं पुढचं रूप असेल तर कळवा.
जी घेऊन चालत होती आणि आता नुसती चालते
तिला काय म्हणायचं?’

मी खोकी उपसली.
गरोदर बाईला आपण ‘न-हलकी’ म्हणतो.
बाळंत होणं म्हणजे ‘हलकी होणं’.
आर्नफ्रीदुर हलकी झालेली नाही.
तेरा, नाही, चौदा वर्षं.
‘जड’च्या खोक्यातही बघितलं. तिथं मेंढ्या होत्या,
भिजलेली लोकर होती,
एका जहाजाबद्दल काहीतरी होतं.

केतिलनं पत्र दोनदा वाचलं.
‘हे उदाहरण नाही,’ म्हणाला. ‘प्रश्न आहे.
प्रश्नांना आपल्याकडे खण नाही.’
मग बराच वेळ चष्म्याची काच पुसत बसला,
आधी एक, मग दुसरी, मग पुन्हा पहिली,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,
‘वरच्या फळीवरची खोकी यापुढे मी काढीन.
तू शिडीवर चढू नकोस.’

मी काही बोलले नाही. तोही नाही.

नियमाप्रमाणे पत्रं इमारतीबाहेर न्यायची नसतात.
ते माझ्या कोटाच्या खिशात आहे.
पोस्टापाशी उतारावर काच झालीय बर्फाची,
पूर्ण तळवा टेकवून, गुडघे सैल ठेवून
बदकासारखी उतरते.
‘प्रिय आर्नफ्रीदुर’ इथपर्यंत उत्तर तयार आहे.
पुढचं नाही.
दूध घ्यायचं राहिलं, हे घराच्या दाराशी आठवतं.