बारा शब्द

काल रात्री पुन्हा काशातांडेलाकडून
चार युनिट घेतले.
फोनवर आलं नेहमीसारखं:
विक्रेता काशिनाथ चोगले, पाजपंढरी.
व्यवहार पक्का.

काशातांडेल जाऊन
शिमग्याला वर्ष झालं.

माझी रिक्षा विजेवरची. हर्णै ते दापोली,
मागे तीन बाया आणि पायाशी बर्फातल्या पाट्या.
आसूदचा चढ लागला की
बॅटरीच्या पट्ट्या एकेक विझत जातात
आणि बाया गप्प होतात. त्यांनाही कळतं.
परतताना उताराने थोडं भरून निघतं, थोडंच.
बाकीचं मी पाजपंढरीत विकत घेतो,
ज्याच्या छपरावर ऊन साठलंय त्याच्याकडून.

सोसायटीतल्या तन्वेशने हे आणलं तेव्हा
तांडेल त्याला उलटसुलट विचारत बसला होता.
वही कुणाकडे?
सगळ्यांकडे, काका. तीच वही, प्रत्येकाच्या फोनात.
आणि एकाने पान फाडलं तर?
बाकीच्यांकडे असतंच.
खोडता येतं?
नाही.
तांडेल जरा वेळ बंदराकडे बघत राहिला.
चाळीस वर्षं शेठच्या वहीत
त्याचं नाव नावे बाजूलाच होतं.
जमा कधी झालं, किती झालं,
ते शेठला आणि शेठच्या खोडरबराला माहीत.
“मग लाव,” म्हणाला.

आठ काचा छपरावर, पडवीत बॅटरीचं कपाट,
आणि भावाचा नियम त्याने स्वतः सांगितला:
आभाळ आलं की पन्नास पैसे चढव.
एकदा लिहिलं की लिहिलं.

मग ते बारा शब्द. खात्याची किल्ली.
तन्वेशने बजावलं, हे कुणाला दाखवू नका.
तांडेलाने ऐकलं ते जरा जास्तच.
कागदावरसुद्धा उतरवले नाहीत.
खडक कुठे, घोळ कुठे लागते, जाळं कुठे फाटतं,
हे तरी त्याने कधी कागदावर ठेवलं होतं?

तेराव्यानंतर आम्ही तिघं पडवीत बसलो,
मी, तन्वेश आणि मथुराकाकी.
तन्वेश यादीतले शब्द वाचत होता,
काकी मान हलवत होती.
वल्हं? हो, असेल. मीठ? असेल.
कंदील? कुणास ठाऊक.
शेवटी तिने हळूच तिचं लग्नाआधीचं नाव सांगितलं.
यादीत ते नव्हतंच,
तरी तन्वेशने घालून बघितलं.
चुकीचं.
मग तो म्हणाला, काकी,
यापेक्षा समुद्र वाटीने उपसणं सोपं.

तर पैसे आहेत. एकतीस हजार चारशे आणि वर काही.
रोज थोडे वाढतात, सगळ्या गावाला दिसतात,
काढता कुणालाच येत नाहीत.

तन्वेश दर महिन्याला सांगतो,
मीटर तुझ्या नावावर घे, नवं खातं काढू,
पंधरा मिनिटांचं काम.
काकी म्हणते, बघू.
आणि रविवारी शिडी लावून छपरावर चढते,
काचांवर बसलेला खार धुवायला.
शिडी मी धरतो.

मला ते बरं वाटत नाही.
पैसे माझ्याकडून गेले, तिला मिळाले नाहीत,
तांडेलाला तर नाहीच नाही.
म्हणून तिची सुक्या बोंबलांची गोणी
मी दापोलीला फुकट नेतो.
उतरताना ती वीसची नोट पुढे करते,
मी हात मागे घेतो,
ती नोट सीटखाली कोंबते,
मी पुढच्या फेरीत तिच्या पाटीत टाकतो.
ती एकच नोट चार महिने फिरतेय,
एक कोपरा गेलाय तिचा.
ही नोंद कुठल्याही फोनात नाही.

काल दिवसभर मळभ होतं.
रात्री वायर काढून गुंडाळत होतो,
आतून काकीचा आवाज आला, जागीच होती.
“किती घेतलंस रे नौशाद?”
चार.
“कसा?”
सहा नव्वद.
आतून बांगड्या वाजल्या, कूस वळवली असेल.
“परवा सहा चाळीस होता,” म्हणाली.
“चढवलान बघ.”