पाण्याचा लेयर

राजारामपुरी सातवी गल्ली, झेरॉक्सच्या दुकानावरचा मजला.
इथं मी पेशी बनवते. महिन्याच्या पगारावर.
काळं मोकळं आभाळ घेतलं,
त्यात एक निळी दोरी ताणली,
दोरीवर दोन पायांचं प्रथिन,
डोक्यावर त्याच्या दसपट फुगा.
डावा, उजवा, डावा, उजवा.
मागं सतार.

विद्यापीठातून इंगवले मॅडम आल्या.
चहावर साय धरेपर्यंत बघत राहिल्या.
"छान आहे. पाणी कुठाय?"
म्हटलं, लेयर बंद ठेवलाय.
"आणि बाकीची गर्दी?"
तीही.
"मग या पायाला कसं कळतं,
पुढची पायरी कुठं आहे ते?"

तीन रात्री मशीन तापलं.
सगळं चालू केलं. पाणी, मीठ, साखर,
खांद्याला खांदा घासत हजारो प्रथिनं,
ज्याला त्याला ज्याचा त्याचा धक्का.
पडदाभर नुसती खदखद,
काहिलीत रसाला उकळी फुटावी तशी.
यात चालतंय कोण, मलाच दिसेना.
सुकुमार मागून डोकावला,
"फाइल करप्ट झाली काय गं?"

आण्णा डबा द्यायला आले होते.
तीस वर्षं शाहूपुरीत गुळाच्या रव्यांची हमाली.
त्यांना पहिलीच फिल्म लावली, सोपी म्हणून.
बघितली. परत लाव म्हणाले.
"ओझं असताना असं कोण चालत न्हाई.
उचलला पाय आदी हवेत चाचपडतोय.
लोक ढकलत्यात. एखादं पाऊल मागंबी जातंय.
त्या ढकलाढकलीतच फुडची जागा घावती."
आणि डब्याची कडी नीट लागली का,
ते बघत बसले.

मॅडमना फोनवर हे जसंच्या तसं सांगितलं.
पलीकडं बराच वेळ काही नाही.
मग, "कुठल्या डिपार्टमेंटला असतात वडील?"

सोमवारी फिल्म गेली, नववीच्या पोरांसाठी.
आभाळ काळंच. दोरी निळीच.
फक्त उचललेल्या पायाला
अकरा फ्रेम चाचपडू दिलं,
आणि एकदा, विसाव्या सेकंदाला,
एक पाऊल मागं.
तपासणीच्या कागदावर सुकुमारचा शेरा:
पाय घसरतोय, दुरुस्त करणे.
मी सही केली, दुरुस्त केलं नाही.

पाणी त्याच फाइलमध्ये आहे अजून,
थेंबन् थेंब,
त्याच्या नावापुढचा डोळा तेवढा मिटलेला.