पिंजण

बिरनाळे मॅडम म्हणाल्या, ही कादंबरी आपण पिंजून काढू,
आणि वर्गात मी एकटीच हसले.
माझं आडनाव नदाफ.
खणभागात आमचं दुकान, गाद्या, उशा, लोड.
बाराही महिने माझ्या केसांत
कापसाचा एखादा तंतू असतोच.

कादंबरी नव्वद वर्षांची, अभ्यासक्रमाला चौथ्यांदा लागलेली.
तिच्यातला नारोबा रोज रात्री किल्ल्या मोजतो,
तीनदा,
आणि बापाची पत्रं न फोडता आडात टाकतो.
जुन्या गाईडात याला विक्षिप्तपणा म्हटलंय. पाच गुण.
मॅडम म्हणाल्या, किल्ली म्हणजे किल्ली नव्हे,
आड म्हणजे आड नव्हे.
पान दोनशे बारावर तो बायकोला हाक मारतो
सावत्र आईच्या नावानं, द्वारका,
आणि पुढच्याच ओळीत लेखक
गुळाच्या भावाबद्दल बोलू लागतो.
"बघा," मॅडम म्हणाल्या, "इथं लिहिणाराही घाबरला."

मागच्या बाकावरून हणमंत कोरे म्हणाला,
मॅडम, आमच्या विहिरीत तर मोटार अडकलीय,
तिचा काय अर्थ लावायचा?
मॅडमही हसल्या.
पण त्या दिवशी नोट्स कुणीच नीट घेतल्या नाहीत.

रात्री अब्बांना गोष्ट सांगितली.
गुडघ्यानं गादी दाबून ते टाके उसवत होते.
"ती द्वारका झोपायची कुठल्या कुशीवर?"
पुस्तकात नाही, म्हटलं.
"मग त्यानं गादी उसवलीच नाही."

अब्बा सातवी नापास.
पण अर्धी सांगली त्यांनी आतून पाहिलीय.
विश्रामबागेतली एक डबल गादी,
मधोमध उंच बांध, दोन्हीकडे खोल दोन खड्डे.
वकिलांच्या लोडात लहान मुलीचं एक पैंजण.
हायस्कुलातल्या गुरुजींची उशी,
एकाच बाजूचा कापूस गोळे होऊन दगडासारखा,
जसा तो वर्षानुवर्षं ओल मुरल्यावर होतो.
अब्बा कुणाला काही बोलत नाहीत.
गिऱ्हाईकाला म्हणतात, कापूस बसलाय.
इतकंच.
मग दाराला कडी, तोंडाला फडकं,
आणि ताणलेली तात रात्रभर घुमत राहते.
कापूस हलका होतो.
धूळ अब्बांच्या छातीत जाते.

सहामाहीचा पेपर परत मिळाला.
प्रश्न तिसरा, द्वारकेचं घर सोडणं.
तेवढं प्रकरण मी वाचलंच नव्हतं,
दरवेळी तिथं आले की झोप यायची,
ऐकीव माहितीवर लिहून आले होते.
बरं लिहिलं होतं. गुणही बरे.
फक्त एका शब्दाभोवती लाल शाईचं वर्तुळ,
समासात शेरा नाही, प्रश्नचिन्हसुद्धा नाही.
मी लिहिलं होतं :
'अम्मी पहाटे दार ओढून घेते आणि मागं वळून पाहत नाही.'

आमच्या माळ्यावर एक गादी आहे,
निळ्या पट्ट्यांची, सुतळीनं आवळलेली.
पुराच्या वर्षी कृष्णा पेठेत शिरली तेव्हा
गल्ला राहिला, शिलाई मशीन राहिलं,
अब्बांनी आधी ती वर चढवली.
एकदा मी म्हटलं होतं, हिचाही कापूस बसला असेल.
"बसू दे," म्हणाले,
आणि सुईत दोरा ओवायला लागले,
जो आधीच ओवलेला होता.

काल दुपारी ते मिरजेला गेल्यावर मी शिडी लावली.
सुतळी सोडली. गादी पसरली. डोळ्यांनी काही दिसेना,
म्हणून तळवा फिरवला, अब्बा फिरवतात तसा.
कडेला एक खड्डा. डाव्या कुशीचा.
आणि त्याच्या पोटाशी
दुसरा, अगदी लहान,
गुडघे दुमडून घेतलेला.

किती वेळ हात तिथं ठेवला, माहीत नाही.
खाली कुणीतरी उशीचा भाव विचारून निघून गेलं.
मग गुंडाळली, होती तशी आवळली.
गाठ मात्र माझ्या हातची पडली, उलटी.
अब्बांच्या ते लक्षात येईल.