टॉवेल जिथं गेले तिथं

पंचवीस वर्षं मी एका गावाचं नाव विणतोय.
पांढरा टेरी, लाल अक्षरं, ओ-वर दोन ठिपके.
कोलोनच्या बियरखान्यांत फळी पुसायला जातात हे टॉवेल.
अक्कलकोट रोडवरनं कंटेनर सुटतो,
मी शेडच्या दारात उभा.

मल्लिनाथ हत्तुरे एलआयसीतनं रिटायर झाला
आणि त्याच संध्याकाळी म्हणाला,
"अंबादास, नुसतं पुसायलाच पाठवतोस की बे.
सांडतंय काय ते एकदा बघून येऊ."

मे महिना. पंख्याखाली त्रेचाळीस.
जावेदनं बाटली टेबलावर ठेवेस्तोवर
तिलाही घाम फुटलेला.
टेबल पुसलं ते आमच्याच टॉवेलनं,
परत आलेल्या लॉटमधल्या. ठिपके राहिले होते.
मी पॅकिंग स्लिप उलटी केली
आणि पेन्सिलीनं पहिलं गाव लिहिलं.

तिथं ग्लास एवढासा, रसवंतीतल्या हाफएवढा.
संपला की न विचारता दुसरा येतो,
वेटर खालच्या पुठ्ठ्यावर रेघ ओढत जातो.
पुरे म्हणून चालत नाही,
पुठ्ठा ग्लासवर झाकावा लागतो.
"पंगतच की," मल्लिनाथ म्हणाला,
"पानावर आडवा पडल्याशिवाय वाढपी ऐकत नाही."

डुसेलडॉर्फ तिथनं अर्ध्या तासावर,
बियर तांबूस, आणि कोलोनचं नाव काढायचं नाही.
का, ते विचारू नये. शेजारचं गाव आहे, बास.

बांबर्गला धुराची मिळते.
पहिला घोट नको वाटतो, असं लोक सांगतात.
आम्हाला का वाटावा?
मंगळवेढ्याच्या रानात आगटीपाशी बसून
तळहात काळे होईस्तोवर हुरडा चोळलेली माणसं आम्ही.

ब्रूजला मात्र पेन्सिल थांबली.
तिथं गावाखालनं पाइप गेलाय, कोसभर,
आत फक्त बियर.
आमच्या गल्लीत पाणी पाचव्या दिवशी,
रात्री दीडला. आधी हवा, मग गढूळ, मग पाणी.
मल्लिनाथ बराच वेळ गप्प.
मग हळूच, "व्हॉल्व्हमन कोण असंल बे त्यांचा?"

स्लिप शर्टाच्या खिशात राहिली.
धुणं भिजवायच्या आधी सत्यवती खिसे बघते.
तीस वर्षांत माझ्या पिण्यावर एक वाक्य नाही,
फक्त ताट जरा जोरात ठेवते.
तिनं ओठ हलवत सगळं वाचलं
आणि ब्रसेल्सपाशी बोट ठेवलं.
मी लिहिलं होतं: आंबट. यीस्ट घालत नाहीत.
रात्री छताखालच्या खिडक्या उघड्या ठेवतात,
हवेतनं येईल ते येईल.

"हे खरं?"
असावं.
"मग कल्लूच की ही."

तिचं माहेर सिरिसिल्ल्याच्या पलीकडं.
पहाटे झाडावरनं उतरलेलं मडकं दाराशी यायचं.
सकाळी गोड, दुपारी आंबट,
संध्याकाळी भांडण.
"मी प्यायलेय," ती म्हणाली, "तुमच्या आधी."
आणि शर्ट बादलीत बुडवला.

मग ओले हात पदराला पुसून
माझ्याच पेन्सिलीनं खाली दोन ओळी लिहिल्या,
तेलुगूत. मी घरात तेलुगू बोलतो, भांडतो,
स्वप्नात हिशेबसुद्धा करतो,
पण अक्षर येत नाही. मी म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेतला.
तिला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं.
विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मल्लिनाथनं चष्मा वर केला.
त्याला कन्नड येतं, अक्षरं चुलत भावंडं.
स्लिप उजेडाकडं धरून तो अडखळत लावत गेला.
"तिकिटं… तीन, असं दिसतंय बे.
पुढं… कडक भाकरी, दोन डझन.
शेंगा चटणी…"
एक शब्द मात्र त्यालाही लागेना.
तेवढ्यात जावेद आला, नेहमीसारखे दोनच ग्लास घेऊन.