निळी बादली

शुक्रवारी ती माझ्या पायरीवर आली.
निळी, काठाचे टवके उडालेली,
शीग लागेपर्यंत सफरचंदं. चिठ्ठी नाही.
चिठ्ठी लागतेच कशाला?
सप्टेंबर सरता सरता आमच्याकडे
कुणी कुणाला सफरचंदं देत नाही,
गळ्यात मारतात.

मी टपाल वाटते, हिचा प्रवास मला पाठ आहे.
सोमवारी हेल्दूरच्या फाटकाबाहेर,
मंगळवारी लेम्बितच्या सरपणाच्या ढिगाआड,
बुधवारी वाचनालयाच्या दारात,
तिथून एका रात्रीत चर्चच्या बाकाखाली,
आणि पाद्रीणबाईंच्या स्वतःच्या अंगणात सात झाडं.

माझ्या परसात दोन आहेत, टेकू लावून उभी.
फ्रिजवर बरण्या, पलंगाखाली बरण्या,
झाकणं तर व्होरूच्या दुकानातही उरली नाहीत.
तरी उचलून आत आणली.
एक हातात घेतलं. पिवळट, जरासं फताडं,
हुंगलं की नाकात आंबट ठिणगी.
अँतोनोव्का.
म्हणजे आइवेचं झाड.
म्हणजे ही सगळी करामत हेल्दूरची.

आइवे मार्चपासून तुर्कूला, लेकीच्या जुळ्यांपाशी.
दोन महिने म्हणून गेली होती.
तो डबाबंद सूप खातो; कचऱ्याशेजारी डबे दिसतात,
टपालवालीला सगळंच दिसतं.
झाडाला मात्र कुणी सांगितलं नाही
घरात कोण आहे, कोण नाही.
ते दरवर्षीसारखंच लगडलं.

संध्याकाळी वीजबिलाच्या पाठीवर लिहायला बसले.

हेल्दूर,
सोलत बसू नकोस, साल राहू दे.
बिया तेवढ्या काढ. किडकं निघालं तर किडीपुरतं काप,
अख्खं भिरकावू नकोस.
फोडी बोटाएवढ्या. माझ्या बोटाएवढ्या, तुझ्या नव्हे.
परवाचा काळा पाव असेलच, वाळून कडक झालेला,
तो किस.
किसणी खिडकीच्या डावीकडच्या खणात असते,
कुठल्याही घरात तिथेच असते.
साखर दोन मुठी. लोणी सैल हाताने,
आइवे बघत नाहीये.
खाली पाव, त्यावर फोडी,
पुन्हा पाव, पुन्हा फोडी, शेवटी पावच,
आणि वर लोण्याचे चार गोळे.
मग भट्टीत.
घड्याळ नको लावूस. रेडिओवर बातम्या, हवामान,
त्यानंतरचं ते अॅकॉर्डियन संपेपर्यंत.
वास पायरीपर्यंत आला की झालं.
गार दूध ओतून खा.
आधी थोडं थांब. थांबणं तुला जमत नाही, ठाऊक आहे,
पण पाक जिभेला धरून ठेवतो.

निम्मी सफरचंदं काढून घेतली
(चांगली मीच ठेवली, खोटं कशाला बोलू),
उरलेल्यांवर कागद ठेवला, त्यावर एक दगड,
आणि अंधार पडल्यावर बादली त्याच्या फाटकाशी.
अकरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच
बिनतिकिटाचं टपाल मी पोचतं केलं.

दोन दिवस काही नाही.
बटाट्याच्या शेतावरून क्रौंचांची रांग गेली, दक्षिणेकडे,
भांडत भांडत.
तिसऱ्या दिवशी त्याच्या खिडक्या सताड उघड्या,
एवढ्या गारठ्यात, आणि पडदे बाहेर वाळत.
मी सायकल थांबवली नाही.
फक्त हळू केली.

चौथ्या दिवशी पेटीत एक पाकीट, तुर्कूचं,
नेहमीपेक्षा जाड, कोपऱ्यात लोण्याचा डाग.
शिक्का मारला, पुढे पाठवलं.
आत काय लिहिलंय ते मी बघत नसते.

आणि आज सकाळी बादली पुन्हा माझ्या दारात.
रिकामी. घासून लख्ख.
तळाला तेच वीजबिल,
माझ्या अक्षरांखाली पेन्सिलीने, दाबून दाबून:

वरचं जळलं. खालचं खाल्लं.
किसणी उजवीकडे होती.