दगडाची शीर

महाप्याच्या शेडमध्ये पत्र्याखाली फ्रीजर घुमतोय.
आत अरबी समुद्राच्या तळाखालून काढलेला
हातभर लांब काळा दगड,
चिकटपट्टीवर तारीख आणि एक बाण: वर कुठे, खाली कुठे.
दगडालाही वर-खाली असतं
हे मी इथे येऊन शिकले, असं साहेबांना वाटतं.

आमचे आप्पा तुर्भ्याच्या खाणीत घण मारायचे.
आधी छिन्नीने टिचकी, मग कान लावायचा.
शिरेवर बसला तर एक घाव पुरे, म्हणायचे,
नाहीतर दिवसभर दगड तुलाच फोडतो.
दगडाच्या पोटात जिता बेडूक असतो
ही गोष्ट त्यांना कधी पटली नाही.
तेहेतीस वर्षं फोडला डोंगर,
एक निघाला असता तर घरी आणला नसता का?

आज शीर मला सापडली.
केसाएवढी भेग, आत गेरूसारखा गंज.
सुईच्या टोकावर मावेल इतका उचलला,
रंग टाकला, दिवे बंद केले.

हिरवे ठिपके.
मोजले, अकरा. पुन्हा मोजले, तेरा. मग परत अकरा.
उन्हाची ओळख नसलेले,
एकाचे दोन व्हायला किती काळ घेतात
नक्की कुणी सांगत नाही. शंभर वर्षं? हजार?
ठाण्याची खाडी खाडी झाली तेव्हा कदाचित
यातला एक नुकताच अर्धा झाला होता.

शेजारच्या काचेवर नुसतं गाळलेलं पाणी होतं.
तिथेही चार चमकले.
ते माझे. श्वासातले, बाहीवरचे,
सकाळी भाकरी थापल्या त्या हातांचे.
अकरातून चार वजा केले.
वहीत सात लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

रात्री आप्पांना सांगितलं.
गादीखाली त्यांचा एक्स-रे आहे,
छातीभर पांढरे ठिपके. ते कुणी मोजलेले नाहीत.
"खातात काय?"
"लोखंड."
हसले, मग खोकला लागला, बराच वेळ.
"बरंय त्यांचं. आपण लोखंडानं दगड फोडायचा,
तेव्हा कुठे भाकर."

दिवा घालवला. वाटलं, झोपले.
"दुर्गे,
माझ्या घणाखाली किती गेले असतील गं?"

आप्पा, ते समुद्राखालचे, म्हटलं.
त्यांनी अंधारात बोटाच्या पेराने
फरशीवर दोनदा वाजवलं
आणि थांबले.