एकशे बत्तीस श्रेयांक

गणित विभागाच्या दारावर चिकटवलेला कागद
मीच टाइप केलाय, त्यामुळे चुका माझ्या.
पदवीसाठी, डेटा सायन्स घेणाऱ्यांना,
एकशे बत्तीस श्रेयांक.
खाली कलन, रेषीय बीजगणित, संभाव्यता एक आणि दोन,
वास्तव विश्लेषण, ज्याला पोरं नुसतं वास्तव म्हणतात,
"सर, वास्तवात गेलो या वेळी,"
पायथॉनचं प्रात्यक्षिक, अकरा संगणक, सात चालू,
आणि तळाशी, जागा उरली नाही म्हणून बारीक अक्षरात:
क्षेत्रप्रकल्प. विदा स्वतः गोळा करावी.

मी तासिका तत्त्वावर आहे.
शिकवलेला तास मोजतात, दारात उभं राहून समजावलेला नाही.

शिवकांता मन्मथ धुळशेट्टे, तिसरं वर्ष,
खताच्या पिशवीतून पावत्या घेऊन आली,
उदगीरच्या मोंढ्यातल्या, तुरीच्या, दोन हंगामांच्या,
सुतळीनं बांधलेल्या, काहींवर चहाचे गोल.
एक हजार दोनशे सहा.
"अप्पा मापाडी हाईत सर.
मन्हले, घेऊन जा, रद्दीच हाय."

मी म्हटलं, किलोचा शेवटचा अंक बघ फक्त.
सवयीनं म्हटलं, पुस्तकातल्यासारखं:
आपण दहानं मोजतो हे तुरीला काय ठाऊक,
शून्यापासून नवापर्यंत सगळे सारखेच यावेत,
एकशे वीसच्या आगेमागे.

चार दिवस ती आली नाही.
पाचव्या दिवशी आलेख आणला.
शून्याचा खांब पाण्याच्या टाकीएवढा, चारशे एकाहत्तर.
पाच त्याच्या निम्म्याला.
बाकीचे गुडघ्याएवढे,
नऊ तर चप्पल काढून दाराबाहेरच उभा.
काय-वर्ग तिनं तीनदा काढला होता,
तिसऱ्यांदा हातानं.

मी फळा पुसायला घेतला. पुसलेलाच होता.
"जेवताना इचारलं मी अप्पांना.
मन्हले, वरचे दोन-चार किलो सोडावेच लागतात बाई,
काटा माझ्या हातात, पेढी त्यांची.
मग मन्हले, भाकर घे."

निष्कर्ष लिहावाच लागतो का सर?

नियमावली काढली.
प्रस्तावना, विदा, पद्धत, निष्कर्ष.
निष्कर्षाला पंचवीस गुण.
न लिहिण्याला किती, ते कुठंच नाही.
नमुना लहान आहे असं लिहिता येतं, मी म्हणालो,
आणि म्हणताना तिच्याकडे बघितलं नाही,
कारण नमुना कधी लहान नसतो
हे मीच तिला शिकवलं होतं, मागच्या ऑगस्टात.

तिनं लिहिला. दीड पान.
"वजने खालच्या शून्याकडे वळवली गेल्याचे दिसते."
कुणी वळवली, ते वाक्यात नाही.
नाव आहे पहिल्या पानावर, ऋणनिर्देशात:
विदा जपून ठेवणारे
श्री. मन्मथ धुळशेट्टे.
त्यांना दाखवलंस?
"हाव. 'श्री.' त्यांनीच घालायला लावलं."

कार्यालयातले गुट्टे म्हणाले,
सत्त्याऐंशी कशाला सर, नव्वद करून टाका, गुणी पोरगी हाय.
सत्त्याऐंशीच ठेवले.

मग माझं या महिन्याचं बिल बघितलं.
सेहेचाळीस तासांवर कुणीतरी पेन्सिलीनं चाळीस केलेलं.
पेननं पुन्हा सेहेचाळीस लिहिलं
आणि आत पाठवलं.
अजून मंजूर व्हायचंय.